पाव इंच

१

वजनमापं तपासणाऱ्या बाईला बाजारात कोणी उगाच चहा पाजत नाही. पाजला तर समजावं, तराजूत काहीतरी गडबड आहे. ही बाई एकवीस वर्षं पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानांच्या पायऱ्या चढत-उतरत होती, आणि एवढ्या काळात तिनं बाहेरचा चहा फारच थोडा घेतला होता. दुकानदार तिला पाठीमागे 'गुंजबाई' म्हणत, कारण गुंजभराचा फरकही ती सोडत नसे. तिला हे माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिची एक पद्धत होती. कुठलंही माप ती तीनदा घ्यायची. तिन्ही वेळा आकडा एकच आला तरच तो कागदावर उतरायचा. मग समोरचा हात जोडो, डोळे वटारो नाहीतर वरच्या साहेबाला फोन लावो, आकडा बदलत नसे.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर तिला आईकडून पार्सल यायचं. आई दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. चाळीस वर्षं तिनं घरच्या वरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवले होते. आता गिऱ्हाईक बंद झालं होतं, पण लेकीचा कोट काही चुकत नव्हता.

लेकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली. जन्मापासूनच. बघणाऱ्याच्या ध्यानात यायचं नाही, पण तयार कपडा अंगावर कधी धड बसायचा नाही. आई डाव्या खांद्यात, अस्तराच्या आत, कापसाची पातळ गादी घालायची, की दोन्ही खांदे एका रेषेत. सेहेचाळीस वर्षांत आईचा हात एकदाही चुकला नव्हता.

या वर्षी निळा कोट आला. कापड सुरेख, काजं हातानं केलेली. तिनं तो चढवला तशी नवऱ्यानं पेपर खाली घेतला.

"अगं, एका बाजूला कललीयस की तू! पेटी उद्यापासून दुसऱ्या हातात घे."

तिनं आरशात पाहिलं. उजवा खांदा वर आला होता, डावा पडला होता. तिनं कोट काढला, शिवण उसवली. गादी उजव्या खांद्यात होती. नीट कापून, नीट टाचून बसवलेली. विसरभोळा माणूस गादी घालायलाच विसरतो, ती इतक्या काळजीनं भलतीकडे बसवत नाही. हे तिला खटकलं. तिनं आईला फोन लावला.

"आई, कोट मिळाला गं."

"कुठला कोट?"

"निळा. परवा पाठवलास तो."

मागे शिलाई मशीन चालू होतं. पायानं चालवायचं जुनं मशीन, त्याची एकसारखी खडखड फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती.

"हो, तो होय," आई म्हणाली. "बसतोय ना नीट?"

"बसतोय," ती म्हणाली. आईचं हृदयाचं दुखणं, तिला कशाला खांद्याचा घोर लावायचा, असा विचार करून तिनं फोन ठेवला. भाजी चिरायला घेतली. अर्धी चिरून झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आईचा फोन खालच्या खोलीतला, भिंतीवरचा, तारेचा आहे. आई तिथून बोलत होती. मग वरच्या खोलीतलं मशीन कोण चालवत होतं?

२

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतली ती नव्हती. शेजारीण आली असेल, म्हणून तिनं विषय मिटवला. तो मिटलाही असता, पण त्याच आठवड्यात लाळेच्या तपासणीचा निकाल आला.

ही भानगड नवऱ्याची. कुठेतरी सवलत लागली म्हणून त्यानं डीएनए तपासणीच्या तीन पेट्या मागवल्या होत्या. नळीत थुंकायचं, टोपण लावायचं, टपालानं लॅबला पाठवायचं. मग तुमचे पूर्वज कोण आणि जगात तुमचे नातेवाईक कुठे कुठे आहेत, ते घरबसल्या कळतं. एक पेटी त्याची, एक तिची. तिसरी कुणाची, असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "मेव्हणी असती तर तिला दिली असती."

तो त्याचा नेहमीचा विनोद. ती एकुलती एक, त्यामुळे मेव्हणी नसल्याचं दुःख तो लग्नापासून उगाळत आला होता.

नवऱ्याला दोनशे दूरचे भाऊबंद मिळाले आणि तो त्यांना निरोप धाडत सुटला. तिला एक मेल आला. लॅबनं अगदी गोड भाषेत लिहिलं होतं, की तुमचा नमुना आमच्याकडे चार वर्षांपूर्वीच आलेला आहे. नजरचुकीनं आपण दोन खाती उघडलेली दिसतात. कृपया त्यांतलं एक बंद करावं.

"बघ, बाजारातल्यासारखाच तिथंही कुणी तरी काटा मारलाय," नवरा म्हणाला.

ती मात्र हसली नाही. चार वर्षांपूर्वी असली पेटी तिनं पाहिलीसुद्धा नव्हती. नमुना पोचला त्याच्या मागचे सहा महिने ती वजनमाप खात्याच्या प्रशिक्षणासाठी दूर होती, आईकडे एकदाही गेली नव्हती, त्यामुळे कुणी तिच्या नकळत नमुना घेतला असेल, तेही शक्य नव्हतं. तिनं लॅबला लिहिलं. उत्तर आलं, की मग दुसरी एकच शक्यता उरते. तो नमुना आपल्या जुळ्या बहिणीचा असावा, अगदी एकसारख्या जुळीचा. तिच्या घरच्यांनी परवानगी दिलेली असल्यानं ती आपल्याला नातेवाइकांच्या यादीत दिसेल.

तिनं यादी उघडली. सगळ्यांत वर एकच ओळ होती. नावाच्या जागी लिहिलं होतं 'थोरली'. त्याखाली, खातं सांभाळणारी व्यक्ती: आई.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. कारण आई तिला जन्मापासून 'धाकटी' म्हणत आली होती. एकुलत्या एक मुलीला कोणी धाकटी म्हणतं का? लहानपणी तिनं एकदा विचारलंही होतं. "घरात सगळ्यांत लहान तूच ना, म्हणून," असं आईनं सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं.

३

दुसरं कोणी त्याच क्षणी आईला फोन लावून रडलं-ओरडलं असतं. हिनं तिसरी पेटी फोडली. पुन्हा नळी भरली, पाठवली. मग वेगळ्याच एका लॅबची चौथी पेटी मागवली आणि जुनी नोंदही त्यांच्याकडे पडताळायला दिली. यात दोन महिने गेले. तिन्ही वेळा आकडा एकच आला.

या दोन महिन्यांत तिच्या डोक्यात जुन्या गोष्टी वर येऊ लागल्या. आई तिचा प्रत्येक झगा दोनदा शिवायची. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा. "एक अंगावर, एक दोरीवर," असं आई म्हणायची. एक धुवायला गेला तर दुसरा घालायला असावा. हे तर खरंच होतं, शहाणपणाचंच होतं. पण तिला आठवू लागलं, की नवा झगा पहिल्यांदा अंगात घालून ती अंगणात यायची, तेव्हा दोरीवरचा ओला असायचा. तो कुणी वापरला होता? एकदा, सात-आठ वर्षांची असताना, तिनं दोरीवरचाच ओढून घातला. आईनं तिच्या थोबाडीत मारली. आईनं आयुष्यात तिला मारलेली तेवढी एकच.

आणि वसतिगृहातलं ते वर्ष. खोलीतली मैत्रीण दारातच तिच्यावर चिडली होती. "अगं, आत्ता तर कॉटवर बसली होतीस, तो हिरवा झगा घालून. हाक मारली तर वळून बघितलंससुद्धा नाही. एवढा कसला राग?" हिनं तिला वेड्यात काढलं होतं. हिरवा झगा ट्रंकेत होता, घडी घातलेला. त्याची जोडी ती घरीच विसरून आली होती.

तिकडे आईनं आणखी एक तारीख मोडली. हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की उशीर केलात तर पुढच्या थंडीची खात्री नाही. तरी आईनं एकदा पाय मुरगळल्याचं निमित्त केलं, एकदा नळ दुरुस्तीचं. तिसरी तारीख गुरुवारची होती.

"या वेळी मी तिला उचलून नेणार," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि ती घर का सोडत नाही, तेही विचारणार."

"मी येऊ?"

"नको. तू विनोद करशील."

मंगळवारी सकाळी तिनं निळा कोट पिशवीत घातला आणि बस पकडली.

४

आई खालच्या खोलीत खुर्चीत बसली होती. पाय सुजलेले, ओठांना निळसर छटा. लेक आत येताच तिनं सवयीनं हात लांब करून तिचा डावा खांदा चाचपला. आईची ती ओळख पटवायची रीत. लहानपणी दाराआडून 'भो' केलं तरी आई आधी खांदा चाचपायची आणि मग हसायची. आजवर लेकीला ते लाडाचं वाटत आलं होतं.

तिनं चहा केला आणि कोट आईच्या मांडीवर ठेवला.

"आई, गादी उजव्या खांद्यात आहे."

आईनं कोटावर हात ठेवले आणि ते हात लेकीनं नीट पाहिले. दोन्ही थरथरत होते, जोरानं, कपाला लावले तर चहा सांडेल इतके.

"कधीपासून गं हे?"

"झालं की वर्ष. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही मला."

"मग कोट कोणी शिवला?"

आई कोटाचं काज बोटानं चाचपत राहिली. "पडद्यापाशी तुझ्या नावाचं पुडकं बांधलेलं होतं, ते मी न उघडता धाडलं. बरं शिवते की," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती आणि थोडं कौतुकही होतं, आणि ते कौतुक ऐकून लेकीच्या अंगावर काटा आला.

मग लेकीनं लॅबचे तिन्ही कागद काढून टेबलावर ओळीनं मांडले. आईनं ते वाचले नाहीत.

"दोघी झाल्या होत्या," आई म्हणाली. "ती दहा मिनिटांनी मोठी. तिसऱ्या दिवशी गेली. अंगभर पांढरं काहीतरी गुंडाळून माझ्या हातात दिली त्यांनी. मला ते बघवेना. शिंप्याची लेक मी, माझं लेकरू उघडंवाघडं कसं जाऊ देऊ? मी टेप घेतली, माप घेतलं आणि रात्रीतून झबलं शिवलं. तेच घालून दिली तिला. तोंडाकडे नाही बघितलं. टेपकडे बघत राहिले."

"मग?"

"मग तू एक वर्षाची झालीस, त्या दिवशी मी वर काम करत होते. कोपऱ्यातल्या पडद्याखालून ते झबलं बाहेर आलं. सरकवल्यासारखं. तेच, माझ्या हातचं. आखूड झालं होतं, धाकटे. काखेत उसवलं होतं."

कोपऱ्यातला पडदा म्हणजे गिऱ्हाइकांनी कपडे बदलून बघायचा आडोसा. लहानपणी हिला तिकडे फिरकायची बंदी होती. सुया सांडलेल्या असतात, असं कारण होतं.

"तू काय केलंस?"

"काय करणार? नवं शिवलं."

लेकीनं टेबलावरचे कागद सारखे केले. मग तिच्यातली गुंजबाई जागी झाली. आईचं वय झालंय, दुःख जुनं आहे, माणसाचं डोकं काय काय रचतं. तिनं तसं मवाळ शब्दांत म्हणूनही टाकलं.

"मलाही तेच वाटायचं," आई म्हणाली. "बेचाळीस वर्षं वाटायचं, की आपण वेड्या झालोय. तुला सांगायची सोय नाही, डॉक्टरला सांगायची सोय नाही. मग एका गिऱ्हाईकबाईनं या लाळेच्या पेटीचं सांगितलं. तिच्याच मुलाकडून खातं उघडून घेतलं. नळी पडद्याखाली सरकवून ठेवली. म्हटलं, काही नसेल तर रिकामीच राहील आणि मी मोकळी होईन. दुसऱ्या दिवशी नळी भरलेली होती, टोपण लावलेली. पाठवली. सोबत माझीही धाडली होती. त्यांचं उत्तर आलं, की ही तुमची मुलगी. यंत्राचं माप खोटं नसतं, असं तूच म्हणतेस ना?"

ती म्हणत असे खरी.

"म्हणून तू दवाखान्यात जात नाहीस?"

"माप कोण घेणार तिचं? नवं झालं नाही तर ती मिळेल ते घालते. तू वसतिगृहात होतीस तेव्हा माझा हात मोडला होता. वसतिगृहासाठी तुझ्याच मापाचे दोन हिरवे झगे केले होते, त्यांतला एक घरी राहिला होता, तो घातला तिनं आणि चार दिवस घरात नव्हती. तुझ्या मापाचं अंगावर असलं की तिला दार अडवत नाही." आईनं तिचं मनगट धरलं. थरथरत्या हाताला एवढी पकड कुठून आली कोण जाणे. "म्हणून सांगते, तुझं माप तिला देऊ नकोस."

लेकीनं आईचा हात सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आई, मी तिचं माप घेतलं, शिवायची सोय केली, तर गुरुवारी येशील?"

"येईन. पण तोंडाकडे बघायचं नाही. मी सेहेचाळीस वर्षांत बघितलेलं नाही."

"का?"

"बघितलं, की ती गेलीय हे कळेल ना मला," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली.

५

दुपारचे बारा वाजले होते. जिन्याच्या वळणावर खिडकी होती, ऊन चांगलं आत आलं होतं. हातात टेप, वही आणि तो कोट घेऊन ती वर निघाली. वळणावरच्या आरशात तिनं स्वतःला पाहिलं आणि पदर नीट केला. पावलं मागे घेण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. आईला वाचवायचं होतं. बाकी सगळं नंतर.

खोली लख्ख झाडलेली होती. मशीनवर निळ्या दोऱ्याचं रीळ. भिंतीवर खिळ्याला टांगलेले, कपडे बेतायचे कागदी नमुने, पिवळे पडलेले, दोन जुडग्यांत. तिनं दोन्ही पडताळून पाहिले. झबल्यापासून कोटापर्यंत प्रत्येक वर्षाचा एक कागद इकडे, एक तिकडे. मापं तंतोतंत सारखी. फक्त एका जुडग्यात डावा खांदा पाव इंच खाली, दुसऱ्यात उजवा. आरशात बघावं तसं.

कोपऱ्यात पडदा होता. कड्यांवरून थोडा सरकलेला, आणि फटीत कोणीतरी उभं होतं.

ती दचकली आणि लगेच तिला हसू आलं. आरसा! आडोशात आरसा असणारच, त्यात ती स्वतःच दिसतेय, दुसरं कोण? तोच खांदा, तोच बांधा. ती दोन पावलं पुढे गेली. मग तिला जिन्यातला आरसा आठवला. लांबट, लाकडी चौकटीचा, चारही कोपऱ्यांना स्क्रूची भोकं असलेला. तो इथलाच होता, आईनं काढून खाली नेला होता. आणि फटीतल्या बाईच्या हातात टेप नव्हती.

तिनं नजर झटकन खाली घेतली. टेपच्या आकड्यांवर खिळवली.

"हात लांब करा," ती म्हणाली. आई गिऱ्हाइकांशी असंच बोलायची. मग तिलाच ते बरं वाटलं नाही. "हात लांब कर, ताई."

पडद्यातून हात बाहेर आला. साध्या सुती बाहीतला, सरळ आडवा धरलेला. माप द्यायची सवय असलेला हात होता तो. करंगळी किंचित वाकडी. हिचीही वाकडी होती, दुसऱ्या हाताची.

तिनं बाही मोजली. साडेवीस. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. साडेवीस. वहीत लिहिलं. पाठ, काखेजवळचा मुंढा, कंबर. छातीसाठी पडद्यावरूनच टेप फिरवली, दोन बोटं आत ठेवली.

"श्वास सोड."

चौतीस. श्वास घेतलेलं माप आणि सोडलेलं माप यांत इंचभराचा तरी फरक पडतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती थांबली. बराच वेळ थांबली. टेप हललीच नाही. चौतीसच राहिली. तिनं दात आवळले आणि चौतीस लिहिलं.

"झालं," ती म्हणाली. "दोन दिवसांत शिवून आणते. तोवर आईला नेते मी. तिला बरं करून आणते. कळलं ना?"

तिनं टेप गुंडाळायला घेतली, तर दुसरं टोक सुटेना. कोणीतरी ते धरलं होतं. ओढलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. मग दुसरा हात बाहेर आला आणि तिनं आणलेल्या कोटाच्या उसवलेल्या खांद्यावर थांबला. बोटांनी ती उजवीकडची गादी चाचपली. चुकलेल्या पोरीसारखी, हळूहळू.

आता इथं खरं तर तिनं टेप सोडून खाली पळायला हवं होतं. आईनं बजावलं होतं. पण ज्या बाईनं एकवीस वर्षं चुकीचं माप समोर दिसताना सोडलं नाही, तिला ते आत्ता कसं सोडवणार? कोणीतरी हौसेनं, काजं हातानं करून, तिच्यासाठी कोट शिवला होता. भिंतीवरचं कुठलं जुडगं कुणाचं ते ठाऊक नव्हतं म्हणून स्वतःच्या अंगावरून अंदाज घेतला होता. चूक कुठे झाली, एवढं तरी सांगायला नको?

"उजवा नाही," ती म्हणाली. "माझा डावा. पाव इंच."

म्हणाली आणि तिला कळलं आपण काय केलं ते. तोवर टेप तिच्या हातातून गेली होती. थंड बोटं तिच्या डाव्या खांद्यावर टेकली. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत टेप लागली, निघाली. पुन्हा लागली. मग तिसऱ्यांदा. ती जमिनीकडे बघत ताठ उभी राहिली.

"श्वास सोड," तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं.

तिनं सोडला.

६

"तुझं माप नाही ना दिलंस?" टॅक्सीत आईनं विचारलं.

"तिचं घेतलं," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. दोन कपडे तिनं एका दिवसात शिवून घेऊन पडद्याखाली ठेवले होते. निळा कोट वरच राहिला होता. ती तो आणायला गेलीच नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. झडप छान बसली, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती त्यांच्यासमोरच घळाघळा रडली. चौथ्या दिवशी आईला साध्या वॉर्डात आणलं. ती त्या दिवशी बाजारातलं काम उरकून चार वाजता पोचली. भेटायची वेळ चार ते पाच. दारावर रखवालदार होता. एका पेशंटमागे एकच पास, आणि पास आत असेल तर दुसरा माणूस बाहेर.

तिनं आईच्या खाटेचा नंबर सांगितला.

"पास आत गेलाय," तो म्हणाला.

"कोणाकडे? माझा नवरा तर कामावर आहे."

"मुलगी आलीय त्यांची."

"मुलगी मीच."

रखवालदारानं तिच्याकडे पाहिलं, मग नीट पाहिलं आणि वैतागला. "अहो बाई, आत्ताच तर गेलात तुम्ही! निळा कोट घालून. बाहेर आलात कधी?"

दाराला वर एक गोल काच होती. ती टाचा उंचावून आत बघू लागली. आईची खाट शेवटची, खिडकीपाशी. खाटेजवळ स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. निळा कोट. दोन्ही खांदे एका रेषेत. कोट हिच्या अंगावर बसावा तसाच तिला बसला होता. आई उशीवर पडून होती, डोळे अर्धे मिटलेले. तिचा हात वर आला आणि समोरचा डावा खांदा चाचपला. मग उजवा. मग पुन्हा डावा. मग तो हात तसाच हवेत राहिला.

"दार उघडा," ती म्हणाली.

"पास बाहेर आल्याशिवाय नाही. नियम आहे."

तिनं हुज्जत घातली. ओळखपत्र दाखवलं, आवाज चढवला. एरवी दुकानदारांना घाम फोडणारा तो आवाज, पण रखवालदार तसूभर हलला नाही. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसापुढे कोणाचं काही चालत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तिनं पुन्हा काचेतून पाहिलं. आईचा हात आता खाली आला होता आणि निळ्या बाहीतल्या हातानं तो धरला होता. आई काहीतरी विचारत होती. ओठांवरून तिला एकच शब्द कळला. "कोण?"

तिचं मन तुटलं. राग आला, भीती वाटली, आणि त्या दोन्हींच्या तळाशी दयाही होती. थोरली आईलाच भेटायला आली होती. सेहेचाळीस वर्षं एका पडद्यामागे उभी राहून आलेली. पण आई हिचीही होती, आणि आईला पुढची थंडी दाखवायची असं हिनं ठरवलं होतं. माप आपण दिलं, तर निस्तरायचंही आपणच. दुसरं कोण येणार होतं?

वॉर्डाला दार एकच होतं. खिडक्या जाळीच्या. हे तिनं पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं, सवय म्हणून. ती दारासमोर उभी राहिली.

पाचची घंटा झाली. नातेवाईक एकेक करून बाहेर येऊ लागले. डबे, पिशव्या, रडवेले चेहरे. पास रखवालदाराच्या हातात पडत होते आणि ती मनात मोजत होती. बारा खाटा. अकरा पास आले.

दार मिटलं. आतून पावलं ऐकू आली, सावकाश, तिच्याच चालीची. तिनं पर्स उघडून टेप काढली, आणि मग विचार बदलून ती परत ठेवून दिली. दाराची मूठ आतून फिरली.

आईनं कधी बघितलं नव्हतं. कोणीतरी बघायलाच हवं होतं. तिनं मान वर केली आणि या वेळी नजर खाली घ्यायची नाही, असं ठरवून ती दाराकडे बघत राहिली.